थांबलेला उजेड

नाशिकच्या जुन्या वाड्यांत माळ्यावरची कौलं कुठे ना कुठे सरकलेली असतात. मे महिन्यात सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा त्या बारीक फटींतून जमिनीवर कवडसे पडतात. फटी वेड्यावाकड्या असतात, कुठे तिकोनी, कुठे फुटक्या कडांच्या. कवडसे मात्र गोल. आणि सूर्याला खंडग्रास ग्रहण लागलेलं असेल तर तेच कवडसे एकाएकी चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. जमिनीवरचा तो डाग फटीचा नाहीच, सूर्याचा आहे. कौलं जमिनीपासून चार मीटर उंच असतील तर कवडसा साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास भरतो, कारण बारीक भोकातून पडणारं सूर्याचं चित्र हे भोक आणि जमीन यांतल्या अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढं असतं. हे गणित घरी फूटपट्टी घेऊन कुणालाही तपासता येईल.

उजेड सरळ रेषेत जातो, एवढ्या एका गोष्टीवर हे सगळं उभं आहे. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं एक छोटं भोक ठेवलं तर बाहेरच्या झाडाच्या शेंड्याकडून येणारा किरण भोकातून खाली उतरतो आणि बुंध्याकडून येणारा वर चढतो. समोरच्या भिंतीवर झाड उलटं उमटतं, रंगांसकट, हलत्या पानांसकट. चीनमध्ये मोझीच्या शिष्यांनी ही गोष्ट इसवी सनापूर्वीच नोंदवून ठेवली होती. कैरोत बसून इब्न अल-हैथमनं अकराव्या शतकात तिचा पद्धतशीर अभ्यास केला, ग्रहणाच्या चंद्रकोरीही त्यानं अशाच पाहिल्या. सोळाव्या शतकात इटलीत भोकाच्या जागी भिंग आलं, चित्र उजळ झालं, आणि पुढे खोली आक्रसत आक्रसत पेटीएवढी झाली. चित्रकार ती पेटी घेऊन फिरू लागले. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानभर फिरून घाट, देवळं, किल्ले चितारले, त्यांच्या सामानातही अशी पेटी होती. काचेवर पडलेलं चित्र पेन्सिलीनं गिरवून घ्यायचं.

इथे एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी, कारण फोटोग्राफीच्या गोष्टी सांगताना ती हमखास निसटते. कॅमेरा फोटोपेक्षा कित्येक शतकांनी जुना आहे. चित्र पडत होतंच, ते कुणाला थांबवता येत नव्हतं. सूर्य कलला की कवडसा सरकतो, खिडकी उघडली की भिंतीवरचं झाड नाहीसं होतं. फोटोग्राफीचा इतिहास म्हणजे हा उजेड थांबवण्याचा इतिहास, आणि त्यातला सगळा झगडा रसायनांचा आहे.

चांदीचे क्षार उजेडात काळे पडतात हे योहान शुल्झेनं अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात दाखवून दिलं. उष्णतेनं नाही, उजेडानं, हा त्याचा महत्त्वाचा शोध. 1777 मध्ये कार्ल शीलेनं त्यात भर घातली. मग इंग्लंडात टॉमस वेजवूड आणि हम्फ्री डेव्ही यांनी 1802 मध्ये चांदीच्या क्षारांत भिजवलेल्या कागदावर आणि चामड्यावर पानांच्या, चित्रांच्या छाया उमटवल्या. छाया अप्रतिम उमटल्या. पण त्या मेणबत्तीच्या मिणमिणत्या उजेडातच बघाव्या लागत, कारण दिवसाच्या प्रकाशात आणल्या की उरलेला कोरा भागही काळा पडून चित्र बुडून जाई. हाती आलेलं चित्र बघता बघता गमावणारे हे दोघं मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचे वाटतात. त्यांच्याकडे नव्वद टक्के उत्तर होतं.

उरलेलं उत्तर जॉन हर्शेलकडे होतं, आणि त्याला ते कशासाठी लागणार हे ठाऊक नव्हतं. 1819 मध्ये त्याच्या लक्षात आलं की एका विशिष्ट सोडियम क्षाराच्या पाण्यात चांदीचे न काळवंडलेले क्षार विरघळून जातात. फोटोवाल्यांचा हायपो तो हाच. काळी पडलेली चांदी कागदावर राहते, बाकीचा क्षार धुऊन निघतो, आणि मग चित्र खुशाल उन्हात ठेवा. फोटोग्राफीला हा उपाय मिळायला मात्र आणखी वीस वर्षं जावी लागली.

दरम्यान फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सनं वेगळी वाट धरली होती. उजेडात कडक होणाऱ्या डांबरासारख्या पदार्थाचा थर कथलाच्या पत्र्यावर देऊन त्यानं 1826-27 च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारं छपरांचं दृश्य टिपलं. पत्रा निदान आठ तास उन्हात राहिला असावा, त्यामुळे इमारतींवर दोन्ही बाजूंनी ऊन पडलेलं दिसतं. निएप्स 1833 मध्ये गेला. त्याचा भागीदार लुई दागेर यानं चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडीनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात उजेड द्यायचा आणि पाऱ्याच्या वाफेवर चित्र प्रकट करायचं, अशी पद्धत बसवली. 19 ऑगस्ट 1839 रोजी पॅरिसमध्ये ती जाहीर झाली. दागेरोटाइप विलक्षण सूक्ष्म असे. पण एक पत्रा म्हणजे एकच चित्र, त्याची प्रत काढता येत नसे. इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टालबट 1835 पासूनच कागदावर काम करत होता. त्याच्या कागदावर उजेड काळा आणि सावली पांढरी उमटे. हे उलटं चित्र दुसऱ्या कागदावर ठेवून उन्हात धरलं की सुलटं चित्र मिळे, आणि हव्या तेवढ्या वेळा मिळे. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह ही नावं हर्शेलनं दिली. हायपोचा उपयोगही त्यानंच सुचवला.

पॅरिसची बातमी मुंबईला त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोचली आणि ‘बॉम्बे टाइम्स’मध्ये छापून आली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या दुकानदारानं कॅमेऱ्यांची जाहिरातही दिली. आगबोटीच्या त्या काळात हा वेग थोडाथोडका नाही. 1854 मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत इंग्रज अधिकारी होते तसे डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः फोटो काढत. रोगी बघणारा, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेला हा मराठी माणूस देशातल्या अगदी पहिल्या एतद्देशीय फोटोग्राफरांपैकी एक होता, याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1855 च्या सुमारास फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्टुडिओ चालवला आणि 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची छायाचित्रं मांडली गेली. शोध लागल्यापासून अठ्ठावीस वर्षांत आपल्या माणसाचं काम शोधाच्या गावी पोचलं होतं.

ते काम सोपं नव्हतं. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ओल्या कलोडियनची पद्धत दिली. काचेवर चिकट कलोडियन ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायचं, आणि काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, फोटो काढून, लगेच धुवायची. वाळली की संपली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कलोडियनमधला ईथर बघता बघता उडून जातो, म्हणून डार्करूमचा तंबू, काचा, बाटल्या, पाण्याची पिंपं हे सगळं कॅमेऱ्याच्या पाठोपाठ बैलगाडीनं न्यावं लागे. काही जणांनी म्हणून मेणाचा कागद जवळ केला. तो आधी तयार करून ठेवता येई.

उत्तर महाराष्ट्रातलं या काळाचं सर्वांत मोठं नाव मेजर रॉबर्ट गिल. 1840 च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं आणि तो वर्षानुवर्षं तिथेच राहिला. तैलरंगांत केलेल्या त्याच्या मोठमोठ्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या जळून गेल्या. पण गिलनं मध्यंतरी फोटोग्राफीही शिकून घेतली होती. त्याच्या लेण्यांच्या फोटोंचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह 1864 मध्ये निघालं होतं, म्हणजे आगीच्या दोन वर्षं आधी प्रती घरोघरी गेल्या होत्या. वीस वर्षांची चित्रं एका आगीत गेली आणि निगेटिव्हवरून काढलेले फोटो राहिले. टालबटच्या कागदानं काय साधलं हे मला या घटनेइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. गिल 1879 मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे.

1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्सनं कलोडियनच्या जागी जिलेटिन वापरून पाहिलं आणि थोड्याच वर्षांत कोरड्या काचा बाजारात आल्या. डब्यातून काढा, कॅमेऱ्यात घाला, आठवड्यानं धुवा. तंबू आणि बैलगाडी गेली. फोटोग्राफी आता सरकारी सर्वेक्षणातून आणि साहेबांच्या छंदातून बाहेर पडून बेताच्या पैशाच्या, हुन्नरी माणसाच्या हातात येऊ शकत होती. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके नेमक्या याच काळात मोठे होत होते.

फाळक्यांचा जन्म त्र्यंबकचा, 30 एप्रिल 1870 चा. वडील संस्कृतचे शास्त्री. पुढे त्यांना मुंबईला विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि मुलगा 1885 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. नाशिकला पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेबांचं स्मारक आहे, शाळांच्या सहली तिथे जातात, आणि मुलांना सांगितली जाणारी गोष्ट ठरलेली असते. 1911 मध्ये गिरगावातल्या तंबूत फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, पडद्यावर आपला कृष्ण, आपला राम दिसायला हवा असं त्यांना वाटलं आणि भारतीय सिनेमा जन्मला. गोष्ट खरी आहे. पण ती एवढ्यावर थांबली की फाळक्यांवर अन्याय होतो. त्या तंबूत त्या दिवशी शेकडो माणसं बसली होती. घरी जाऊन सिनेमा करू शकणारा त्यांत एकच होता, आणि तो तसा का होता याचं उत्तर आधीच्या वीस वर्षांत आहे.

1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्याला कलाभवन सुरू केलं. प्रमुख होते रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर. फाळके तिथे चित्रकला शिकले, शिल्प शिकले, कॅमेरा मिळवला आणि फोटोग्राफीच्या मागे लागले. गज्जरांनी या विद्यार्थ्याला स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली, ब्लॉक करण्याचं आणि फोटोलिथोचं काम शिकायला रतलामला धाडलं. गुरू रसायनशास्त्रज्ञ असणं ही इथे मोठी भाग्याची गोष्ट होती. कोणती बाटली कधी ओतायची हे कुठल्याही स्टुडिओत उमेदवारी करून कळतं. ती का ओतायची हे गज्जरांकडे कळत होतं.

पुढे फाळक्यांनी गोध्र्याला फोटोचा धंदा काढला. तिथे प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल दगावलं. ते बडोद्याला परतले, पुन्हा कॅमेरा मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो अशी अफवा उठून गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग शिकले. आपलं आडनाव उलटं फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं ते खेळ करत. 1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि आरेखक म्हणून नोकरी धरली, आणि ती सोडून लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला. तिथे राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं काम होतं. एका रंगीत चित्राचे तीन रंग तीन वेगळ्या निगेटिव्हवर सोडवायचे आणि कागदावर एकावर एक अचूक बसवायचे, हे तंत्र त्या काळात अगदी थोड्यांना येत होतं. त्याची यंत्रं आणायला ते 1909 मध्ये जर्मनीला गेले. हाच छापखाना पुढे दादरचं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला. त्याची भागीदारी मतभेदांमुळे मोडली, तेव्हा ते चाळिशीत होते आणि हाती काही उरलेलं नव्हतं.

असा माणूस 1911 मध्ये त्या तंबूत बसला होता. काच धुणारा, रंग सोडवणारा, पडदे रंगवणारा, नजरबंदी जाणणारा. पडद्यावरचा ख्रिस्त बघताना त्याला बहुधा भिंग, फीत आणि रसायनंही दिसत असतील.

फेब्रुवारी 1912 मध्ये विमा पॉलिसी गहाण ठेवून फाळके लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांची सेसिल हेपवर्थशी गाठ घालून दिली, हेपवर्थनं आपला स्टुडिओ मोकळेपणानं दाखवला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फितीला भोकं पाडायचं यंत्र यांची व्यवस्था करून ते एप्रिलमध्ये परत आले. दोन महिने पुरले, कारण नवं शिकायचं फार थोडं उरलं होतं. पैसे देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी घरी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि ठरावीक अंतरानं एकेक चित्र घेत गेले. ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर आली तेव्हा अंकुर डोळ्यांदेखत वर चढत गेला. सिनेमा म्हणजे सुटे फोटो, हे फोटोग्राफरलाच इतकं नेमकं ठाऊक असतं.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याची लांबी होती 3,700 फूट. एका फुटात सोळा चित्रं बसतात, म्हणजे सुमारे 59,000 फोटो. त्या काळचा कॅमेरा हातानं फिरवायचा. एका फेऱ्यात आठ चित्रं आणि सेकंदाला दोन फेरे हा रूढ वेग. प्रत्येक चित्राला उजेड मिळायचा तो सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास. निएप्सच्या पत्र्याला निदान आठ तास लागले होते, आणि मध्ये गेली होती फक्त 86 वर्षं.

भोकांचा हिशेब तर थक्क करणारा आहे. फितीच्या प्रत्येक कडेला फुटामागे 64 भोकं असतात, दोन्ही कडांची मिळून 128. नुसत्या निगेटिव्हच्या 3,700 फुटांना पावणेपाच लाखांच्या घरात भोकं, आणि पडद्यावर दाखवायच्या प्रतीला पुन्हा तेवढीच. कोरी फीत बिनभोकांची येई. भोकं जराही चुकली तर चित्र पडद्यावर थरथरतं, आणि काम करायचं अंधारात, कारण फीत उजेड पाहून खराब होते. हे काम फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई रात्री करत. त्या फीत धुवायला शिकल्या, दिवसा पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक केला, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड परतवला. भारतीय सिनेमाची पहिली तंत्रज्ञ म्हणून त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत असायला हवं.

‘हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’ इथे तयार झाला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या पहिल्या स्त्रिया पडद्यावर आल्या. 1918 मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी इथेच उभी राहिली. गोदावरीचे घाट, देवळं, वाडे, डोंगर हाताशी होते, आणि पावसाळा सोडला तर स्वच्छ ऊन होतं. ऊन महत्त्वाचं, कारण चित्रीकरण उघड्यावर, सूर्यप्रकाशातच चाले. त्या फितीला निळा आणि हिरवा रंग दिसे, तांबडा दिसतच नसे. म्हणून डार्करूममध्ये तांबडा दिवा लावता येई, आणि म्हणूनच बाईच्या कपाळावरचं कुंकू पडद्यावर काळं येई, निळं आकाश पांढरंफटक पडे. नटाच्या तोंडाला कोणता रंग फासायचा, लुगडं कोणत्या रंगाचं नेसवायचं, हे सगळं आधी मनातल्या मनात करड्या छटांत उतरवून ठरवावं लागे. लिथोच्या दगडावर रंग सोडवण्यात ज्याची वर्षं गेली त्याला हे अवघड वाटलं नसणार.

‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’ यांतले चमत्कारही डार्करूमच्या मुशीतलेच. फितीचा एक भाग झाकून ठेवायचा, दुसऱ्यावर चित्र घ्यायचं, फीत मागे फिरवायची आणि झाकलेल्या भागावर पुन्हा घ्यायचं. उडणारा हनुमान असा घडला. 1917 च्या सुमारास फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा माहितीपट काढला. त्यात ते स्वतः नटांना शिकवताना आणि फीत तपासताना दिसतात. आपली विद्या झाकून ठेवण्याच्या त्या काळात त्यांनी ती पडद्यावर मांडली.

नाशिकच्या त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फितींपैकी फार थोड्या आज आहेत. फितीचा नायट्रेटचा पाया पेट घेतो, आणि न पेटला तरी वर्षांनुवर्षं कुजत जाऊन चिकट होतो. जुन्या मूकपटांच्या फिती चांदी काढून घेण्यासाठीही जगभर विकल्या गेल्या. हर्शेलच्या हायपोनं जी चांदी कागदावर टिकवली, तीच शेवटी भट्टीत गेली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी जे हाती लागलं ते जपलं. ‘कालिया मर्दन’ त्यामुळे आज बराचसा बघता येतो. 1919 च्या या चित्रपटात कृष्ण झाली होती फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी ती साध्या वेशात समोर येते आणि कॅमेऱ्याकडे बघून एकामागून एक भाव दाखवते, हसणं, रुसणं, रागावणं. मग तिचा चेहरा हळूहळू कृष्णाच्या वेशातल्या तिच्याच चेहऱ्यात मिसळतो. गोध्र्याच्या स्टुडिओत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून जो माणूस हनुवटी जरा वर करायला सांगत असे, त्यानं ही मिनिटं घेतली आहेत, आणि ती बघताना हे लगेच ओळखू येतं.